व्हेरी गुडपेक्षा मोठा शब्द

"साळवेबाई, वाकचौऱ्यांचं काय ते तुम्हीच लिहा. माणूस चांगला आहे. व्हेरी गुड टाका आणि सहीला आणा."

आव्हाड साहेबांनी कोरा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला, डोक्यावर हॅट चढवली आणि जीपमध्ये बसून कालव्यावर निघून गेले. हा चौऱ्याहत्तर सालचा एप्रिल. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाटबंधारे खात्याचं उपविभागाचं ऑफिस होतं. साहेब तिथले डेप्युटी इंजिनिअर आणि मी त्यांची स्टेनो. वय तेवीस, नोकरीला दीड वर्ष झालेलं, अजून कायम न झालेली.

फॉर्म होता गोपनीय अहवालाचा. दर वर्षी साहेबानं आपल्या हाताखालच्या प्रत्येक माणसाबद्दल दोन ओळी लिहायच्या आणि पाकीट बंद करून वर पाठवायचं. त्या दोन ओळींवर माणसाची बढती ठरायची. नियमानं हे साहेबानं स्वतःच्या हातानं, दार लावून लिहायचं असतं. आमच्याकडे ते मी लिहायची. कारण सरळ आहे. सरकारनं मराठीत कारभार करा म्हणून परिपत्रकांवर परिपत्रकं काढली होती, पण आमच्या खात्याला इंग्रजी सुटत नव्हतं, आणि साहेबांचं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद. डिप्लोमा करून वर आलेला माणूस. कालव्याचा भराव नुसता डोळ्यांनी बघून कुठं फुटेल ते सांगायचा आणि तिथंच फुटायचा. पण चार ओळींचं पत्र लिहायचं म्हटलं की कपाळावर घाम.

माझं अगदी उलटं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. मीही तिथंच शिकलेली. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर वडील डिक्शनरीतला एक शब्द द्यायचे, दुसऱ्या दिवशी तो वाक्यात वापरून दाखवायचा. वापरला नाही तर चहा नाही. त्यामुळे शब्द भरपूर साठले होते आणि ते मिरवायची हौसही दांडगी होती. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात ना, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत. पोरांच्या वह्या तपासणाऱ्या मास्तरणीसारखी मी साहेबांची पत्रं तपासायची आणि मनात हसायची. हे आज सांगायला लाज वाटते, पण होतं तसं होतं.

तर वाकचौरे भाऊसाहेब. आमच्याकडे कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात. काशिनाथ वाकचौरे, कनिष्ठ लिपिक, वय पंचावन्न, रिटायरमेंटला तीन वर्षं. पाण्याचे अर्ज त्यांच्या टेबलाला. कालव्याच्या पाण्याची पाळी सुटायची असली की बाहेर दोन-दोनशे शेतकरी उभे. प्रत्येकाला आपलं शेत आधी भिजायला हवं. वाकचौरे सकाळी आठला बसले की अंधार पडेपर्यंत उठत नसत. कुणाला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत, कुणाचा अर्ज कधी हरवला नाही. जेवणाचा डबा टेबलाखाली तसाच राहायचा आणि संध्याकाळी तोच वास येणारा डबा घेऊन खोलीवर जायचे.

खोलीवर, कारण घर तिथं नव्हतं. घर टाकळीला, सत्तर मैलांवर. मुलगा-मुलगी नाही. बायकोची, यमुनाबाईंची डावी बाजू अर्धांगानं गेलेली. पुतण्याची बायको बघायची, पण किती बघणार? शनिवारी दुपारी भाऊसाहेब एसटी धरायचे. रविवारी बायकोला न्हाऊ-माखू घालायचे, आठवड्याचं पीठ दळून आणायचे, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. अकरा वर्षं असं चाललेलं. बदलीचे अर्ज तीन वेळा केले. टाकळीपासून तीन मैलांवर दुसऱ्या उपविभागाचं ऑफिस होतं, पण तिथं कनिष्ठ लिपिकाची जागाच नव्हती. वरिष्ठ लिपिकाची मात्र त्या मार्चला रिकामी झाली होती. म्हणजे बढती मिळाली की भाऊसाहेब घरी. एवढा सरळ मामला होता.

मी मशीनला फॉर्म लावला आणि व्हेरी गुड टाइप करायला बोट उचललं. मग थांबले. व्हेरी गुड तर साहेब सगळ्यांनाच देतात. त्या लंबे नावाच्या शिपायाला दिलं होतं, जो ऑफिसच्या वेळेत शेळ्या वळायचा. त्याला व्हेरी गुड आणि भाऊसाहेबांनाही व्हेरी गुड? मला ते पटेना. ह्या माणसाला शोभेल असा शब्द हवा. आणि तो माझ्याकडे होता. इन्डिफॅटिगेबल. वडिलांनी मॅट्रिकच्या वर्षी दिलेला. कधीही न थकणारा, कितीही राबवा, दमणार नाही असा. हा शब्द कुणालाही लावायचा नसतो, वडील म्हणाले होते, जन्मात एखाद-दुसऱ्याला लावावा.

मी लावला. 'एक इन्डिफॅटिगेबल कर्मचारी' एवढंच लिहिलं आणि पुढे काही लिहिलं नाही. पुढे आणखी काही जोडलं तर शब्दाची शोभा जाईल असं मला वाटलं. खरं सांगते, असंच वाटलं.

संध्याकाळी साहेब चिखलाच्या बुटांनी आले. फॉर्म हातात घेतला. ओठ हलले, पुन्हा हलले.

"हे काय लिहिलंय?"

"चांगलं आहे साहेब. फार चांगलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्थ विचारावा असं त्यांच्या मनात आलं, ते मला दिसलं. विचारला नाही. मीही सांगितला नाही. मला थोडी गंमतच वाटत होती. त्यांनी सही केली, पाकीट बंद झालं, दुसऱ्या दिवशीच्या डाकेनं गेलं.

गोपनीय ते गोपनीय, पण माझ्या पोटात कुठलं राहायला! दोन दिवसांनी वाकचौरे चहाला उठले तेव्हा मीच म्हटलं, "भाऊसाहेब, यंदा पेढे आणून ठेवा."

"काय वो बाई, गरिबाची चेष्टा करता?"

"चेष्टा नाही. तुमच्याबद्दल असा शब्द गेलाय की तुम्ही सात जन्मांत ऐकला नसेल."

मी शब्द सांगितला. अर्थ सांगितला. त्यांनी पाणीअर्जाच्या पाठीमागं तो देवनागरीत लिहून घेतला.

"म्हंजे व्हेरी गुडपेक्षा मोठा?"

"कितीतरी मोठा. व्हेरी गुड त्याच्यापुढे पाणी भरेल."

भाऊसाहेब लाजले. पंचावन्न वर्षांचा माणूस नवरदेवासारखा लाजला. म्हणाले, "रविवारी घरी सांगतो. यमुनेला काही कळायचं नाही, पण तिला बरं वाटंल." सोमवारी आले ते शब्द तोंडपाठ करून. यमुनाबाईंनी पाच वेळा म्हणायला लावला होता म्हणे. आणि पुढच्या महिन्यात त्यांनी घरमालकाला सांगून टाकलं, जूनअखेर खोली सोडतो. मी म्हटलं, "अहो, ऑर्डर तर येऊ द्या." तर म्हणाले, "तुम्हीच म्हनला ना, लई मोठा शब्द हाय."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यादी आली. डाक मीच फोडायची. जिल्ह्यातल्या नऊ कनिष्ठ लिपिकांना बढती. यादी वरपासून खाली वाचली, मग खालपासून वर. वाकचौऱ्यांचं नाव नव्हतं. त्यांच्याहून सहा वर्षांनी कनिष्ठ असलेला पंडित आडनावाचा एक कारकून मात्र होता. आणि त्याच्या नावापुढे जागा लिहिली होती, टाकळीच्या शेजारची.

मला कागद लपवावासा वाटला. लपवून काय होणार? मी तो त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. बाहेर शेतकरी उभेच होते. त्यांनी पुढचा अर्ज घेतला, शिक्का मारला, मग हळूच मला विचारलं, "बाई, त्या शब्दात काही खोट होती का वो?"

"नाही भाऊसाहेब. देवाशपथ नाही."

"मग माझ्यातच आसंल," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेरच्या माणसाला गट नंबर विचारू लागले.

मी दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकली आणि पहिल्या गाडीनं जिल्ह्याच्या मोठ्या ऑफिसात गेले. आस्थापना शाखेत डहाळे म्हणून एक वरिष्ठ कारकून होते, वडिलांचे जुने विद्यार्थी. मी बसायच्या आधीच ते म्हणाले, "बरं झालं आलीस. तुमच्या वाकचौऱ्यांचं ते काय लिहिलं होतं गं? बढतीच्या कमिटीत कुणालाच कळेना."

"कळेना म्हणजे?"

डहाळ्यांनी ड्रॉवरमधून एक टाइप केलेला तक्ता काढला. चार ओळींचा. आउटस्टँडिंगला चार गुण, व्हेरी गुडला तीन, गुडला दोन, ॲव्हरेजला एक.

"कमिटीला एवढंच बघायचं असतं," ते म्हणाले. "सत्तेचाळीस फायली होत्या, जेवायच्या आधी संपवायच्या होत्या. दर फायलीतला शब्द मी मोठ्यांदा वाचायचा, दुसऱ्यानं गुण मांडायचे. तुमचा शब्द आला आणि गाडं अडलं. एक साहेब म्हणाले बरा अर्थ असेल. दुसरे म्हणाले, बरा असता तर सरळ लिहिला असता, काहीतरी लपवलंय. मोठे साहेब म्हणाले, तक्त्यात नाही ना? मग एक द्या आणि पुढची घ्या."

"अहो काका, डिक्शनरी नव्हती?"

"होती की. कपाटात. किल्लीवाला रजेवर."

मला हसूही येईना आणि रडूही. भाऊसाहेबांना व्हेरी गुड मिळालं असतं, त्या शेळ्या वळणाऱ्या लंबेच्या बरोबरीचं, तरी ते आज पहिल्या पाचांत असते.

"आता काही होईल?"

"ऑर्डरी अजून सहीला आहेत. सोमवारपर्यंत तुमच्या साहेबांचा खुलासा आला तर मी मोठ्या साहेबांपुढे ठेवतो. पण नीट लिहा म्हणावं. हा शब्द का लिहिला, ते विचारतीलच."

शुक्रवारी सकाळी साहेब जीपमध्ये चढायच्या आत मी त्यांना गाठलं. "साहेब, केबिनमध्ये चला. महत्त्वाचं आहे." सगळं सांगितलं. भाऊसाहेबांनी जूनअखेर खोली सोडतो म्हणून घरमालकाला कळवल्याचंही सांगितलं. साहेब ऐकता ऐकता लाल होत गेले.

"मला विचारायचं होतंत!" ते टेबलावर हात आपटून ओरडले. "मी व्हेरी गुड म्हटलं होतं का नाही? स्वच्छ म्हटलं होतं! तुम्हाला तुमची विद्या दाखवायला एका गरिबाचाच कागद सापडला?"

मला ते लागलं. खरं असलं की जास्त लागतं. आणि लागलं की माझी जीभ चालते. मी म्हटलं, "तुम्हीही अर्थ विचारला नाहीत, साहेब."

बोलले आणि जीभ चावली. साहेब खुर्चीत मागं टेकून बसले. बाहेर ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला.

"नाही विचारला," ते म्हणाले. "तुमच्यासारख्या पोरीला काय विचारायचं म्हणून नाही विचारला. तुम्ही हसता, साळवेबाई. तुम्हाला वाटतं मला दिसत नाही."

मी खाली बघत उभी राहिले. मग म्हटलं, "साहेब, मी खुलासा तयार करून आणते. असं लिहू, की अनवधानानं एक आलंकारिक विशेषण योजलं गेलं, तथापि त्याचा आशय..."

"नको! पुन्हा तेच?" साहेबांनी कोरा कागद ओढला, पेनचं टोपण काढलं. "मराठीत लिहितो. सरकारचंच परिपत्रक आहे ना?"

आणि त्यांनी लिहिलं. न थांबता, एकही शब्द न खोडता. मी समोर उभी राहून उलटं वाचत होते. 'श्री. वाकचौरे यांच्या अहवालातील इंग्रजी शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता. माहीत नसताना मी सही केली. चूक माझी आहे, त्यांची नाही. मी बावीस वर्षे नोकरी केली, इतका चांगला कारकून पाहिला नाही. त्यांचे काम आउटस्टँडिंग आहे. त्यांची पत्नी आजारी आहे म्हणून मी हे म्हणत नाही, काम तसे आहे म्हणून म्हणतो.' खाली सही.

"माझं नाव राहिलं," मी म्हटलं. "शब्द मी घातला."

"अहवाल मी स्टेनोकडून लिहून घेतो असं लिहू? आणि तुमचं काय होईल? अजून कायम नाही झालात. उद्या घरी पाठवतील." त्यांनी कागदाची घडी केली. "सही कुणाची आहे? माझी. झालं तर मग. डाकेनं नको, मीच घेऊन जातो."

त्या दिवशी जीप कालव्यावर गेली नाही.

बुधवारी सुधारलेली यादी आली. वाकचौऱ्यांचं नाव तिसऱ्या नंबरवर, जागा टाकळीच्या शेजारची. पंडितला दुसरीकडं दिली. भाऊसाहेबांना कागद दाखवला तर त्यांनी तो आधी कपाळाला लावला आणि मग वाचला. आख्ख्या ऑफिसला पेढे वाटले. माझ्या हातावर दोन ठेवून म्हणाले, "बाई, उशीर केला, पन तुमच्या शब्दानं काम केलंच बगा!"

मी तोंड उघडलं. केबिनच्या दारात साहेब उभे होते. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. भाऊसाहेब त्यांच्या पाया पडले, तर साहेब "अहो, अहो" करत मागं सरले आणि जीपकडे गेले. खोलीतला स्टोव्ह, दोन पातेली आणि वळकटी घेऊन भाऊसाहेब शनिवारच्या एसटीत बसले, ते सोमवारी परत यायचं नाही म्हणून. स्टँडवर पोचवायला गेले होते मी. गाडी वळेपर्यंत ते खिडकीतून हात हलवत राहिले. मला इतका आनंद झाला होता की पुढं काही वाईट होईल असं मनातही आलं नाही.

पुढचा जून. एका डाकेत दोन पाकिटं आली, दोन्हींवर साहेबांचं नाव आणि 'गोपनीय'. ती फोडायची मला परवानगी नव्हती. साहेबांनी अर्ध्या तासानं मला आत बोलावलं. ते हसत होते.

"अभिनंदन, साळवेबाई. कायम झालात. वडिलांना आजच पत्र टाका." त्यांनी माझी ऑर्डर माझ्या हातात दिली. मी वाचली, पुन्हा वाचली. घरी धाकटी भावंडं तीन होती आणि वडील त्याच वर्षी रिटायर होणार होते.

"आणि ह्याची पोच टाइप करा," म्हणून त्यांनी दुसरा कागद सरकवला.

तो साहेबांच्या स्वतःच्या अहवालातला उतारा होता. वाईट शेरा मारला असेल तर तो त्या माणसाला कळवायचा, असा नियम असतो. वरच्या साहेबांनी शाळेतल्या पोरालाही कळेल अशा इंग्रजीत लिहिलं होतं. अर्थ न समजता कागदांवर सह्या करतात. स्वतः लेखी कबूल केले आहे. बढतीस योग्य नाहीत.

साहेब त्या वर्षी कार्यकारी अभियंता व्हायचे होते. त्यांचा नंबर पहिला होता, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

"साहेब, ह्यावर अर्ज करा," मी म्हटलं. "सहा आठवड्यांची मुदत असते. मी लेखी देते. शब्द माझा होता, मी तुम्हाला अर्थ सांगितला नाही, मुद्दाम सांगितला नाही, सगळं लिहून देते."

"आणि तुमच्या हातातल्या ह्या कागदाचं?"

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"लेखी दिलंत तर मी तुम्हाला अडवणार नाही," साहेब म्हणाले. रागानं नाही, उपकार करतोय असंही नाही. सहज म्हणाले. मग त्यांनी कालव्याचा नकाशा उघडला आणि पेन्सिल शोधू लागले.

मी उभी राहिले. चांगली दोन-तीन मिनिटं उभी राहिले असेन. मग माझ्या टेबलाशी आले, ऑर्डर पर्समध्ये ठेवली, मशीनला कागद लावला आणि पोच टाइप केली. एका ओळीची. एकही चूक झाली नाही.